ओ काका, स्टँड!

परवा कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटला, मी गाडी काढली आणि मागून आवाज आला, "ओ काका, स्टँड!" खाली पाहिलं तर साइड स्टँड खरंच तसाच लोंबत होता. पायाने तो वर मारला आणि मान वळवली, तोवर हाक मारणारी मुलगी नळस्टॉपच्या दिशेने कधीच पुढे निघून गेली होती. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, वर गॉगल. उद्या समोर येऊन उभी राहिली तरी मी तिला ओळखणार नाही. पुढच्या वळणावर माझं हाड मोडलं असतं ते तिने वाचवलं, आणि जाता जाता मला काका करून गेली. पहिल्याबद्दल आभार मानायचे राहिले, दुसऱ्याबद्दल भांडायचं राहिलं.

पुण्यात येऊन मला अठरा वर्षं झाली. स्टँड खाली ठेवून निघायची माझी सवय त्याहून जुनी आहे. महिन्यातून एक हाक धरली तरी दोनशे सोळा माणसं झाली. दोनशे सोळा अनोळखी माणसांनी मला पडण्यापासून वाचवलंय आणि त्यांतल्या एकालाही मी उलट एक शब्द बोललेलो नाही. बोलणार कधी? तुम्ही स्टँड वर घेता तेवढ्यात उपकारकर्ता चौक ओलांडून गेलेला असतो.

या हाकांचं एक व्याकरण आहे. आधी नातं, मग वस्तू. "ताई, ओढणी!" "काकू, पदर!" "दादा, चेन!" क्रियापद नाही, 'कृपया' नाही. 'दादा, चेन'मध्ये तर चेन कुठली तेही सांगत नाहीत. मी आधी पॅन्टची पाहतो, मग सॅकची. ती बहुधा सॅकचीच असते, पण तोवर व्हायची ती शोभा झालेली असते.

दिवसा हेडलाइट चालू राहिला तर समोरून येणारा माणूस पंजाची उघडमीट करून दाखवतो. ही खूण शहराबाहेरच्या रस्त्यावरसुद्धा चालते. आता गंमत अशी की १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबरच लागतो आणि तो बंद करायचं बटणच गाडीला नसतं. तरी अजून लोक पंजे उघडमिटत असतात. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्याची बॅटरी उतरेल ही काळजी काही लोकांच्या हातातून जात नाही. मीही मान हलवून 'हो हो' करतो. आता भर रस्त्यात त्यांना नियम कुठे सांगत बसू?

आणि हल्ली बऱ्याच गाड्यांमध्ये स्टँड खाली असेल तर इंजिन सुरूच होत नाही. सोय चांगली आहे, पण मला जरा काळजी वाटते. ही गाडी घराघरात पोचली की सिग्नलला मला कोण हाक मारणार?

तर आभार मानायचे राहतात. याचा सगळा दोष वाहतुकीला देता येणार नाही, मराठीतच त्याची सोय धड नाही असं माझं मत आहे. 'धन्यवाद' हा शब्द गावच्या कमानीवर असतो. जाताना 'सहर्ष स्वागत', परतताना त्याच कमानीच्या मागच्या अंगाला 'धन्यवाद'. म्हणजे हा शब्द पाठीवर लिहायचा आहे, तोंडाने बोलायचा नाही. घरात आईला "धन्यवाद" म्हणून बघा. ती कपाळाला हात लावून ताप पाहील. 'आभार' ही तर कार्यक्रमाची शेवटची पायरी. त्याला आपण 'आभारप्रदर्शन' म्हणतो, आणि ज्याला इतर कुठलं काम देता आलेलं नाही त्याला ते देतो. तो मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं वाचत असतो तेव्हा सभागृह खुर्चीखाली चपला शोधत असतं. त्यातून कोणी चांगला वक्ता असला तर "मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो" असं म्हणतो. म्हणजे मी फेडणार नाही हे जाहीर करतो, आणि त्यावर टाळ्या पडतात. बँकेत असं बोलून पाहावं.

म्हणी काढल्या तर आणखीच अवघड. गरज सरो नि वैद्य मरो, खाल्ल्या घरचे वासे मोजणं. कृतघ्न कसं असावं याचं सविस्तर मार्गदर्शन मिळतं. शिवाय धीर करून कोणाचे आभार मानलेच, तर समोरचा दुखावतो. "आभार कसले मानताय? आम्ही काय परके आहोत का?" वास्तविक तो शंभर टक्के परका असतो, पाच मिनिटांपूर्वी भेटलेला. पण आभार मानून आपणच त्याला परकं केलेलं असतं. म्हणून मग आपण 'थँक्यू' म्हणतो. परक्या भाषेतलं असल्यामुळे ते कोणालाच लागत नाही.

बारावीची परीक्षा झाल्यावर मी महाडहून एसटीने मुंबईला येत होतो. गाडी माणगाव सोडून पुढे आली तेव्हा लक्षात आलं, पाकीट मामाच्या घरी खुंटीवरच्या दुसऱ्या पॅन्टमध्ये राहिलंय. कंडक्टर तिकिटांचा ट्रे कडकडवत जवळ आला. मी खरं काय ते सांगितलं. तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "पैसे नाहीत तर चढायचं कशाला? एसटी काय तुझ्या काकाची आहे?" पुढे दोन मिनिटं माझी पिढी, शिक्षण, आईबापांचे लाड यांवर बोलला. बोलता बोलता त्याने तिकीट फाडलं होतं. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे आपल्याला किती द्यायचे ते लिहून देतात. त्याने उलट लिहिलं, मी किती द्यायचे ते. आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशातून पैसे काढून पिशवीत टाकले. वडखळला गाडी थांबली. सगळे खाली उतरले, मी आपला खिडकीशी बसून राहिलो. खालून एक वडापाव वर आला. "खा. आणि गाडीत ओकू नको."

दोन महिन्यांनी ते तिकीट घेऊन डेपोत गेलो. त्याची बदली झाली होती. पैसे कोणाकडे द्यायचे असं विचारलं, तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "कसले पैसे? पावती आहे?" मी तिकीट दाखवलं. त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हे आमच्याकडे जमा होत नाही."

तेव्हापासून मला एक संशय आहे. आपल्याकडे अनोळखी माणसाला दया आली की तो आधी चिडतो. त्याची खात्री पटायला मात्र २६ जुलै उजाडावा लागला.

२६ जुलै २००५, मंगळवार. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तिकडे कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. म्हणजे दक्षिण मुंबईतली माणसं छत्री झटकत ऑफिसात बसली होती तेव्हा उपनगरात मिठी नदी लोकांच्या घरात शिरली होती. शेकडो माणसं गेली. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी जे सांगतोय त्यात हसू येण्यासारखं बरंच आहे, आणि ते हसू जे घरी पोचले त्यांनाच परवडतं.

माझं ऑफिस अंधेरीला मरोळमध्ये, घर मुलुंडला. चार वाजता निघालो. लोकल बंद, बस जागच्या जागी, मोबाइल मुका. पवईमार्गे चालत सुटलो. माझ्यासारखे हजारो चालत होते. पवईला रस्त्याच्या कडेला लोक पार्ले-जीचे पुडे फोडून उभे होते. हात पुढे करायचा, दोन बिस्किटं हातात पडायची, की पुढचा. कोणी कोणाचं तोंड बघत नव्हतं. पुढे एका ठिकाणी पाणी कमरेला लागलं आणि पाण्यात मधोमध एक पोरगा बांबू धरून उभा दिसला. तो उघड्या गटारावर पहारा देत होता. दुपारपासून तिथेच होता म्हणे. माझ्याकडे पाहून ओरडला, "ए चष्मा! मरायचंय का? डावीकडून!" मी डावीकडून गेलो. मागच्याला ओरडला, "ए टकल्या, त्याच्या मागं!" त्या पोराने त्या दिवशी किती जीव वाचवले आणि किती जणांना नावं ठेवली, दोन्ही आकडे सारखेच असणार.

कांजूरमार्गला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले असतील. सगळीकडे अंधार. रस्त्याच्या आतल्या बाजूला एक चाळ, दारात मेणबत्ती आणि एक आजी. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

"ए, इकडे ये."

गेलो.

"घरी आई आहे?"

"आहे."

"मग एवढ्या पावसात बाहेर कशाला पडलास?"

"ऑफिसला गेलो होतो."

"ऑफिस काय पळून चाललं होतं?"

याला उत्तर नव्हतं. आत माझ्यासारखे पाच-सहा जण उभे होते. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेले एक शेटजी, सीप्झमधल्या दोन मुली, नुसत्या काड्या उरलेली छत्री अजून इमानाने धरून असलेला एक जण. उभे अशासाठी, की आजीच्याच घरात घोट्याएवढं पाणी होतं. गाद्या माळ्यावर टाकलेल्या, स्टोव्ह टेबलावर चढवलेला, त्यावर भलामोठा टोप. कप पाच. एकाने प्यायचा, दाराबाहेर हात काढून पावसात विसळायचा आणि पुढच्याला द्यायचा. आजीने माझ्या अंगावर पंचा फेकला. "डोकं पूस. अरे पूस म्हणजे नीट पूस." मग एक टी-शर्ट फेकला. "नातवाचा आहे. घाल." दोन्ही मुली आणि शेटजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मी शर्ट बदलला.

चहा कोरा होता, आलं भरपूर. माझ्या हातात कप देताना मात्र तिचा आवाज त्या रात्रीत पहिल्यांदा खाली आला. "दूध संपलं रे." संध्याकाळपासून ती रस्त्यावरच्या माणसांना चहा पाजत होती, आणि तिला लाज वाटत होती ती दूध संपल्याची.

निघताना मी म्हटलं, "येतो आजी."

"येतो काय? सरळ घरी जा. वाटेत कुठे थांबू नको."

"शर्ट आणून देतो दोन दिवसांत."

"आधी पोच तर!"

झालं. आभार मानायला फट कुठे होती सांगा. मला वाटतं, तीच त्या ओरडण्यामागची युक्ती असावी, अर्थात तिलाही माहीत नसलेली. ओरडणाऱ्याला आपण उपकार केल्यासारखं वाटत नाही आणि ओरडा खाणाऱ्याला फुकट घेतल्यासारखं वाटत नाही. चहाची किंमत मी तिथल्या तिथे, मान खाली घालून चुकती केली होती.

घरी पोचायला रात्रीचा एक वाजला. आईने दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिनेही तेच सुरू केलं, "ऑफिस काय पळून चाललं होतं?" शब्दाला शब्द तोच. मग मी पाठ वळवली तशी ती दचकली. "हा कोण?" तेव्हा कुठे मला कळलं की मी कांजूरमार्ग ते मुलुंड काय घालून आलो. पिवळा टी-शर्ट, छातीवर गोविंदा पथकाचं नाव आणि पाठभर हात जोडून हसणारे एक गृहस्थ. खाली ठळक अक्षरांत 'भावी नगरसेवक'. भांडुपला अंधारात दोघा-तिघांनी मला वाट करून दिली होती, त्याचं कारण आता कळलं.

महिन्याभराने धुऊन, इस्त्री करून तो शर्ट आणि पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो. उजेडात ती चाळच ओळखू येईना. सगळ्या गल्ल्या एकसारख्या आणि जवळजवळ प्रत्येक दारात एक आजी. तांदूळ निवडत बसलेल्या एकीला सगळी हकिगत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "अरे बाबा, त्या रात्री सगळ्यांनीच चहा केला होता. त्यातली तुझी कुठली म्हणून सांगू?" तिने पेढा घेतला. मग शेजारणीने घेतला. मग पोरं आली. पुडा त्याच गल्लीत संपला. शर्टाचं काय ते विचारलं, तर एकाने पाठीवरचा फोटो पाहून सांगितलं की हे मंडळ आमचं नाही, पलीकडच्या गल्लीचं आहे. आणि पलीकडच्या गल्लीशी ते बोलत नव्हते. पलीकडे गेलो तर तिथल्या लोकांनी विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?" शर्ट घेऊन परत आलो.

मी त्या आजीचं नाव विचारलं नव्हतं आणि तिनेही माझं विचारलं नव्हतं. हे आता कायद्यातसुद्धा बसतं. अपघातात सापडलेल्याला मदत करायला लोक पुढे होत नाहीत, कारण पुढे होणाऱ्याला पोलीस चौकीत आणि कोर्टात बसावं लागतं, ही जुनी रड. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. आता मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे उत्तमच झालं. पुढे २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा माणसाला पाच हजार रुपये आणि प्रशस्तिपत्र द्यायची योजनाही काढली. तेही उत्तम. फक्त एका हाताने नाव न सांगायचा हक्क द्यायचा आणि दुसऱ्या हाताने नावानिशी प्रशस्तिपत्र, हे सरकारलाच सुचतं. चहा पाजणारी आजी या योजनेत बसत नाही. बसली असती तरी अधिकाऱ्याला दारात उभं करून तिने विचारलं असतं, "जेवलास का? मग एवढ्या उन्हात कशाला फिरतोस?"

पुण्यात आल्यापासून आषाढी वारीच्या पालख्या आल्या की आम्ही सोसायटीतले लोक नाना पेठ, भवानी पेठेच्या बाजूला राजगिऱ्याचे लाडू आणि केळी घेऊन जातो. दोन्ही पालख्या दोन रात्री शहरात असतात. तिथे जे बघायला मिळतं ते दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. कोणी दाढी करून देतंय, कोणी तुटलेली चप्पल शिवतंय, कोणी पायांना तेल चोळतंय, आणि काम झालं की पाया कोण पडतं, तर ज्याने काम केलं तो. घेणारा उभा असतो, देणारा वाकतो. पहिल्या वर्षी मला हे जमेना. लाडू मी द्यायचा आणि वाकायचंही मीच? हा काय हिशेब? दुसऱ्या वर्षी पाठीला सवय झाली.

गेल्या खेपेला एका मावशींना लाडू दिला. पायांत स्लीपर, डोक्यावर बोचकं, त्यावर तुळस. मी वाकायच्या आतच त्या म्हणाल्या, "आरं माउली, किती देशाल? पिशवीत जागा न्हाई." आणि बोचक्यातून एक लाडू काढून माझ्याच हातावर ठेवला. "आळंदीत दिला हुता. पोराला दे तुझ्या." मी "अहो, नको" म्हटलं. "नको काय नको? देवाचं हाय, गप घे." गप घेतला. वेष्टन पाहिलं, आमच्याच दुकानाचं होतं.

तो पिवळा टी-शर्ट अजून माझ्या कपाटात आहे. बायकोने दोनदा त्याचं पुसणं करायला काढला, दोनदा मी परत घडी घालून ठेवला. तिचं म्हणणं, दुसऱ्याच्या नातवाचा शर्ट वीस वर्षं सांभाळणारा माणूस स्वतःच्या गाडीचा स्टँड का सांभाळत नाही? मधे एकदा कांजूरमार्गला चक्कर मारली. त्या चाळींच्या जागी आता टॉवर आहे आणि वॉचमन आत सोडत नाही.

तेव्हा २६ जुलैच्या रात्री कांजूरमार्ग पश्चिमेला बिनदुधाचा चहा करणाऱ्या आजींचे कोणी, किंवा त्यांचा तो नातू, हे वाचत असेल तर कृपया कळवावं. शर्ट पिवळा, एल साइज. उजवी बाही उसवली होती, ती शिवून घेतली आहे. पाठीवरचे भावी नगरसेवक धुऊन धुऊन फिके झालेत, पण अजून हसतायत.